वाघाचं रक्त वाचताना

प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी एका धडधाकट वाघिणीला मी मूत्रपिंडाची रोगी ठरवलं होतं. रिपोर्टवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) २.९ आणि पुढे ठळक अक्षरात ‘जास्त’ असा शेरा. माणसाचा असा आकडा आला तर घरच्यांची झोप उडते. माझीही उडाली. दोन दिवस मी तिला स्क्वीझ केजमध्ये (भिंत सरकवून जनावराला जागच्या जागी धरणारा पिंजरा) दाबून सलाइन टोचलं, तिचं खाणं बिघडवलं, तिची रोजची देखभाल करणाऱ्या किपरचा रोष ओढवून घेतला. शेवटी एका ज्येष्ठ पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, “मागच्या वर्षी किती होतं?” जुनी फाइल काढली. मागच्या वर्षी २.८. त्याच्या आदल्या वर्षी २.९.

घरातल्या मांजरात क्रिएटिनिन साधारण दोनच्या वर गेलं की शंका घ्यायची असते. वाघ-सिंहांच्या अंगावर स्नायूंचा डोंगर असतो आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, त्यामुळे निरोगी वाघात अडीच-तीन हा रोजचा आकडा आहे. हे मला पुस्तकातून ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं. त्या फोननंतर मी रिपोर्ट उलट्या बाजूने वाचायला शिकले: आधी रक्त कुणाचं, मग ते कसं काढलं, कशात ठेवलं, कुणी तपासलं, आणि सगळ्यात शेवटी आकडा. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते. नव्या पशुवैद्यांसाठी आहे, पण किपरनीही वाचावं, कारण अर्धं काम त्यांच्याच हातात असतं.

बरं असताना काढलेलं रक्त

बहुतेक ठिकाणी मोठ्या मार्जाराचं रक्त तो आजारी पडल्यावरच निघतं. मग तुलना कशाशी करणार? म्हणून जनावर ठणठणीत असताना किमान तीन वेळा, वेगवेगळ्या महिन्यांत काढलेलं रक्त फाइलला लागलेलं असावं. नवा प्राणी आला की विलगीकरणात एकदा, तो दुसरीकडे जाणार असेल तर निघण्यापूर्वी एकदा, आणि एरवी वर्षातून एकदा. वय बाराच्या पुढे गेलं की मी सहा महिन्यांवर येते. दात काढायला, जखम शिवायला, एक्स-रेला, कशाहीसाठी भूल दिली तरी रक्त घेतल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही. भुलेची जोखीम घेतलीच आहे, तर वीस मिलिलिटर रक्त फुकट मिळतं.

वीस मिलिलिटर ऐकून नवखे दचकतात. दीडशे किलोच्या वाघिणीला ते जाणवतही नाही. बछड्यांचं मात्र वेगळं. दोन किलोच्या पिल्लाकडून एक-दोन मिलिलिटरवर थांबायचं, आणि आधीच ठरवायचं की तेवढ्यात कोणत्या तपासण्या बसवायच्या.

शेपटी की भूल

रक्त दोन वाटांनी मिळतं. भूल देऊन मागच्या पायाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून काढणं ही जुनी, खात्रीची वाट. दुसरी म्हणजे जनावराला शिकवून, जागेपणी, जाळीबाहेर आलेल्या शेपटीतून. दुसरी वाट लांब आहे. पण एकदा जमली की तिच्यासारखं सुख नाही, आणि रक्तही जास्त खरं बोलतं.

शिकवणं असं चालतं. आधी जनावर जाळीला समांतर आडवं व्हायला शिकतं. तोंडाशी एक जण मांसाचे बारीक तुकडे चिमट्याने देत राहतो. शेपटीशी दुसरा. सुरुवातीला शेपटीला फक्त हात लावायचा आणि लगेच बक्षीस. मग खालच्या फटीतून शेपूट बाहेर घेऊन दोन सेकंद धरायची, मग दहा, मग साठ. मग केस भादरायच्या यंत्राचा नुसता आवाज. मग स्पिरिटचा बोळा, कारण त्याचा गारवा आणि वास पुष्कळांना आवडत नाही. मग बोथट टोकाने टोचल्यासारखं करायचं. खरी सुई सगळ्यात शेवटी. एका सिंहिणीला या सगळ्याला चार महिने लागले, एका वाघाला वर्ष. एक बिबट्या मात्र आजपर्यंत मला शेपटीजवळ फिरकू देत नाही. त्याच्या बाबतीत मी हरले आहे आणि भूलच देते.

एक नियम मोडायचा नाही. जनावराने शेपूट ओढली की त्याच क्षणी सोडायची. रक्त अर्धं आलेलं असलं तरी. एकदा ओढून धरलं की चार महिन्यांची मेहनत चार सेकंदांत जाते, आणि पुढच्या वेळी ती शेपूट बाहेर येतच नाही. बोटं जाळीच्या आत जाता कामा नयेत, हे वेगळं सांगायला नको. पण मी दर वेळी सांगते.

शीर शेपटीच्या कडेने कातडीखालून जाते. बुडाशी थोडं दाबून धरलं की फुगते. एकवीस नंबरची बटरफ्लाय सुई बरी, कारण तिची रबरी नळी लवचिक असते आणि शेपूट जरा हलली तरी सुई निघत नाही. सिरिंज हळू ओढायची. घाईने ओढलं की शीर चिकटते, रक्तपेशी फुटतात आणि सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी, गुलाबी होतं. मग पोटॅशियम, फॉस्फरस, एएसटी (स्नायू आणि यकृतातलं एन्झाइम) यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

भूल दिली असेल तर कागदावर घड्याळ लिहा. डार्ट (लांबून मारलेली भुलेच्या औषधाची सुई) किती वाजता लागला, किती डार्ट लागले, कोणती औषधं किती दिली, जनावर किती वेळ बिथरून फिरत होतं, रक्त किती वाजता काढलं. ही कारकुनी वाटते, पण निम्मा रिपोर्ट यात असतो. भुलेसाठी झायलाझिन किंवा मेडेटोमिडीन दिलं की इन्शुलिन दबतं आणि साखर चढते, मधुमेह नसतानाही. भुलेत प्लीहा सैल पडते, लाल पेशी तिच्यात साठतात आणि जनावर थोडं रक्तक्षयी दिसतं. उलट डार्ट लागण्याआधी पंधरा मिनिटं तो पिंजराभर पळत असेल तर प्लीहा आकसून लाल पेशी बाहेर फेकते आणि आकडा वर जातो. एकाच वाघाचा एकाच दिवशीचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, असा दोन्हीकडे डुलू शकतो. डार्ट स्नायूत घुसतो म्हणून सीके (हेही स्नायूंतलं एन्झाइम) आणि एएसटी वाढतात. ते पाहून यकृताला दोष देऊ नका.

जनावर नीट झोपलं की पहिलं काम रक्ताचं. सलाइन त्यानंतर. सलाइन सुरू असलेल्या पायातून काढलेलं रक्त म्हणजे पाणी घातलेलं दूध.

उपास तर भुलेसाठी करावाच लागतो. पण शेपटीतून काढतानाही जेवणाची वेळ लिहून ठेवा. भरपेट मांस खाल्ल्यावर युरिया वाढतो आणि सीरम तेलकट दिसतं. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस उपासाचा असतो. मी नेहमी त्याच दिवशी सकाळी काढते, म्हणजे मागच्या रक्ताशी तुलना सरळ होते. बक्षिसाचे तुकडे अगदी नखाएवढे ठेवायचे.

नळ्यांचा घोळ

एकदा एका उमद्या वाघाचं पोटॅशियम चौदा आलं आणि कॅल्शियम तीन. त्या आकड्यांवर कुठलाही वाघ जिवंत राहत नाही, आणि हा तर समोर उभा राहून माझ्यावर फिस्कारत होता. झालं असं की लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून मदतनीसाने जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं त्यात ओतलं. जांभळ्या नळीत पोटॅशियमचं ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि स्वतःचं पोटॅशियम सोडतं. म्हणून भरण्याचा क्रम पाळायचा: आधी निळी, मग लाल, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. आणि एका नळीतलं दुसरीत कधीही ओतायचं नाही.

जांभळी नळी पेशी मोजायला. तिला खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करा. लाल नळी बायोकेमिस्ट्रीला, म्हणजे क्रिएटिनिन, युरिया, एन्झाइम वगैरे मोजायला. ती अर्धा तास उभी ठेवा, रक्त गोठलं की फिरवून सीरम वेगळं करा. तासाभरापेक्षा जास्त वेळ पेशींवर सीरम ठेवलं की पेशी साखर खात राहतात. लॅब लांब असेल तर साखरेसाठी राखाडी नळी हवीच, तिच्यातलं रसायन पेशींना साखर खाऊ देत नाही.

स्लाइड मात्र तिथेच, पिंजऱ्यासमोर बनवायची. दोन तरी. यंत्र कितीही भारी असलं तरी मार्जारांच्या रक्तापुढे ते गडबडतं: यांच्या प्लेटलेट मोठ्या असतात, लाल पेशी लहान, आणि यंत्राला दोन्ही सारख्याच वाटतात. शिवाय प्लेटलेटना गुठळ्या करायची खोड असते. रिपोर्टवर प्लेटलेट चाळीस हजार आल्या की आधी स्लाइडची पिसासारखी विरळ कड पाहायची. तिथे झुबके दिसले तर प्लेटलेट भरपूर आहेत. नुसत्या मोजल्या गेल्या नाहीत.

त्याच स्लाइडवर परजीवी दिसतात. लाल पेशीत बसलेला बॅबेसिया किंवा सायटॉक्सझून, पेशींच्या मधून जाणारा ट्रिपॅनोसोमा. ‘सरा’ची, म्हणजे ट्रिपॅनोसोमाने होणाऱ्या रोगाची, शंका असेल तर ताज्या रक्ताचा थेंब काचेखाली लगेच पाहा. जिवंत ट्रिपॅनोसोमा वळवळतो आणि आजूबाजूच्या लाल पेशींना धक्के देतो. एकदा पाहिलं की विसरत नाही. पण दिसला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे. ताप असताना पुन्हा पाहायचं, आणि शंका उरलीच तर पीसीआर.

उरलेलं सीरम कधी फेकत नाही. छोट्या नळ्यांत नाव, तारीख घालून गोठवून ठेवते. पाच वर्षांनी एखादा नवा विषाणू आला की ‘हा आधीपासून होता का’ या प्रश्नाचं उत्तर त्या नळीत असतं.

लॅबशी बोलून घ्या

नमुने माणसांच्या लॅबमध्ये पाठवावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका. बायोकेमिस्ट्रीची रसायनं बहुतेक चालतात. फक्त पेशींची वर्गवारी हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली करून मागा आणि प्रत्येक वेळी एकाच लॅबला पाठवा. लॅब बदलली की आकडा बदलतो, जनावर तेच असतं. नमुन्याच्या कागदावर प्राण्याची जात मोठ्या अक्षरात लिहा. मी एकदा फक्त नाव आणि ‘वय ९, मादी’ लिहिलं होतं. रिपोर्ट नऊ वर्षांच्या मुलीच्या मर्यादा छापून आला, खाली सूचना की बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता आकडे

‘नॉर्मल’ रेषेबाहेरचा प्रत्येक आकडा रोग नसतो, हे आधी मनात पक्कं करा. ही मर्यादा आखतानाच निरोगी प्राण्यांपैकी पाच टक्के बाहेर ठेवलेले असतात. एका रिपोर्टात वीस तपासण्या असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर पूर्ण निरोगी जनावराचाही किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता चौसष्ट टक्के निघते. भक्कम मर्यादा आखायला एकशेवीस निरोगी प्राणी लागतात असं चिकित्सा-प्रयोगशाळांचे तज्ज्ञ सांगतात. हिमबिबट्यासारख्या प्राण्याचे एका जागी एवढे कुठून आणणार? म्हणून जगभरची प्राणिसंग्रहालयं आपले आकडे स्पेशीज३६० या संस्थेच्या झिम्स प्रणालीत एकत्र घालतात. १९७४ मध्ये आयसिस या नावाने ही संस्था सुरू झाली. तिथे जात, वय, लिंग निवडून पाहता येतं. तरी माझ्या मते तो दुसरा आधार. पहिला आधार त्याच जनावराची जुनी फाइल.

मूत्रपिंडावर जरा रेंगाळते, कारण पिंजऱ्यातले म्हातारे वाघ, सिंह, चित्ते पुष्कळदा याच वाटेने जातात. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाचा तीन-चतुर्थांश भाग गेलेला असतो. त्यातही गंमत अशी की म्हातारपणी स्नायू झडतात आणि क्रिएटिनिन आपोआप खाली येतं, म्हणजे रोग वाढत असताना आकडा चांगला दिसतो. वजनाचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय क्रिएटिनिन वाचू नये. एसडीएमए ही तपासणी स्नायूंवर अवलंबून नसते आणि घरच्या मांजरांत ती लवकर इशारा देते. परवडत असेल तर जोडा. पण सगळ्यात स्वस्त साधन लघवी. फरशी धुवून कोरडी ठेवायची, किपरला सकाळी लवकर बोलवायचं, सिरिंजने ओढायची आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे लघवीची घनता मोजणाऱ्या साध्या यंत्रावर, एक थेंब. रक्तात युरिया-क्रिएटिनिन वाढलंय आणि लघवी मात्र घट्ट आहे, तर आधी पाणी कमी पडलंय का पाहा. दोन्ही वाढलंय आणि लघवी पाण्यासारखी पातळ, तर मूत्रपिंडाकडे बोट दाखवा. फॉस्फरसही पाहा. पिल्लांत तो वाढीमुळे जास्तच असतो, म्हाताऱ्यात नसावा.

यकृतासाठी एएलटी आणि एएलपी ही दोन एन्झाइम. कुत्र्यांवर हात बसलेले पशुवैद्य एएलपी थोडं वाढलं तर दुर्लक्ष करतात. मार्जारांत तसं करू नका. घरच्या मांजराच्या रक्तात एएलपी अर्धं व्हायला सहा-एक तास लागतात, कुत्र्यात जवळपास तीन दिवस. म्हणून मार्जारात थोडीशी वाढ दिसली तरी मागे काहीतरी चालू आहे असं समजायचं. अपवाद वाढत्या बछड्यांचा. त्यांचं एएलपी हाडांतून येतं.

पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट दोन्ही वाढले तर बहुधा नुकताच घाबरला आहे. न्यूट्रोफिल वाढले, लिंफोसाइट आणि इओसिनोफिल घटले तर बराच वेळ ताण आहे. आणि न्यूट्रोफिलची अपक्व पिल्लं बाहेर आली असतील, पेशींत विषारी बदल दिसत असतील, तर कुठेतरी पू शोधा. मी पहिल्यांदा तोंडात पाहते. मोडलेल्या सुळ्याच्या मुळाशी गळू लपलेलं असतं आणि सुळ्याचा मालक निमूटपणे मांस गिळत राहतो. सूज तपासायला सीआरपी मागवू नका, मार्जारांत ते फारसं हलत नाही. सीरम अमायलॉइड ए मागवा.

साखर चढली तर आधी भुलेचा कागद पाहा. तरी शंका असेल तर फ्रुक्टोसामीन. गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर ते सांगतं, एका सकाळच्या भीतीने ते हलत नाही. रक्तातलं कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) काढून ‘हा प्राणी तणावात आहे का’ हे ठरवायचा मोह टाळा. सुई टोचल्यानेच ते चढतं. त्यासाठी विष्ठा गोळा करा आणि तिच्यातले त्याचे अंश मोजून घ्या.

कॅल्शियम फार फसवं आहे. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडं कागदासारखी होतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. पण रक्तातलं कॅल्शियम? नॉर्मल. शरीर हाडं फोडून रक्ताचा आकडा सांभाळतं. पिल्लू लंगडत असेल तर रक्तावर विसंबू नका, एक्स-रे काढा आणि त्याच्या ताटात काय पडतं ते बघा. जीवनसत्त्व ‘अ’चंही तसंच, यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्त काही बोलत नाही.

विषाणूंच्या प्रतिपिंडांबद्दल एकच सांगते. प्रतिपिंड सापडले म्हणजे गाठभेट झाली एवढंच. कधी विषाणूशी, कधी लशीशी. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या मुळात कुत्र्यांच्या विषाणूने सिंहांची एक-तृतीयांश संख्या गेली, तेव्हापासून सगळे डिस्टेंपरला घाबरतात, आणि ते बरोबर आहे. पण एका नमुन्यातल्या आकड्यावरून ‘सध्या आजारी’ म्हणता येत नाही. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या, चौपट वाढ दिसली तर ताजा संसर्ग. एफआयव्हीसाठी (मार्जारांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा, एचआयव्हीच्या जातीचा विषाणू) घरच्या मांजरांचे किट सिंहांवर कधी लागतात, कधी चुकतात, कारण सिंहांचा विषाणू त्यांचा स्वतःचा आहे. पॉझिटिव्ह आला म्हणून कळपातून काढून एकट्याला कोंडण्याआधी दुसऱ्या पद्धतीने खात्री करा.

ती पहिली वाघीण पुढे माझ्याच हाताखाली म्हातारी झाली. तिच्या फाइलला मी एक लांब तक्ता चिकटवला होता: तारीख, वजन, क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, लघवीची घनता, रक्त कुठून काढलं, शेवटी किपरचा शेरा. बरीच वर्षं २.८, २.९, २.७ असं चाललं. चौदाव्या वर्षी ३.२ आलं. वाघांच्या मर्यादेत बसणारा आकडा, म्हणून लॅबनेही खूण केली नव्हती. पण वजन सहा किलोंनी उतरलं होतं, लघवी पातळ झाली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात किपरने लिहिलं होतं, ‘हौद दोनदा भरतो.’ त्या आठवड्यात तिचं खाणं बदललं, हौदाशेजारी दुसरा हौद ठेवला आणि तपासणी दर दोन महिन्यांवर आणली. पुढची दीड वर्षं ती दर वेळी स्वतःहून जाळीला पाठ लावून आडवी व्हायची आणि शेपूट बाहेर टाकायची.